अहो, अगं आणि राहून गेलेलं नाव

परवा आमच्या सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. वीसेक जणी, तिळाच्या वड्या, वाणाला चहाची गाळणी, आणि मधल्या टीपॉयवर सगळ्यांचे मोबाईल ओळीनं मांडून ठेवलेले. गप्पा रंगात आल्या असताना एक फोन घूं घूं करत सरकायला लागला. पडद्यावर नाव आलं होतं, 'अहो'. आणि बघता बघता चौघीजणी एकदम उठल्या की हो! प्रत्येकीला वाटलं, आपलाच फोन.

हसून हसून पुरेवाट झाली. मग चौकशी केली तेव्हा कळलं, त्या चौघींतल्या दोघींची लग्नं प्रेमाची. घरात त्या नवऱ्याला सरळ 'अरे' म्हणतात, त्याच्या नावाचा अर्धा तुकडा पाडून हाका मारतात. मग फोनमध्ये 'अहो' कशाला? त्यातली एक म्हणाली, "काकू, 'अरे' काय, मी ऑफिसातल्या कुणालाही म्हणते. 'अहो' म्हटलं की कसं, लग्न झाल्यासारखं वाटतं!"

मी बघतच राहिले. आमच्या वयाच्या मुलींनी याच एका शब्दावरून घरोघर केवढे वाद घातले होते! आणि आता त्यांच्या मुली तोच शब्द दागिन्यासारखा घालून मिरवताहेत.

मैत्रिणींनो, आपल्याबद्दल एक समज आहे. मराठी माणसाला म्हणे प्रेम बोलता येत नाही. हिंदी सिनेमातला नायक 'जान' म्हणतो, इंग्रजीत 'डार्लिंग' नि 'हनी' असतात, आणि आपल्याकडे काय, तर 'अहो' आणि 'अगं'. त्यापुढेही बहुतेक 'दळण आणलंत का?' किंवा 'माझा चष्मा कुठाय?' एवढंच. पण हा समज काही मला पटत नाही. आपली माया शब्दांपेक्षा त्यांच्या शेपटात जास्त असते. कुणाला 'बस' म्हणून बघा आणि 'बस गं' म्हणून बघा. 'ये' आणि 'ये रे' यांत केवढं अंतर आहे! एक निव्वळ सूचना, दुसरीत हात पुढे केलेला. दुपारी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हटलेलं 'अगं' म्हणजे चहा हवा असतो. तेच 'अगं' रात्री दिवा मालवल्यावर हलकेच आलं, की मुलीच्या लग्नाची नाहीतर कर्जाच्या हप्त्याची काळजी त्यामागं उभी आहे हे आपल्याला न सांगता कळतं. कोकणात हेच 'गो' होतं. गोव्यात गेलात तर मुलीबाळींना आणि बायकांना 'बाय', मुलग्यांना आणि पुरुषांना 'बाब' म्हणतात, आणि ते कानाला इतकं गोड लागतं की बाजारात चार रुपये जास्त गेले तरी चालतात. विदर्भात लहानशा पोरीलाही 'माय' म्हणतील.

मुलांच्या बाबतीत तर आपली भाषा हातचं काही राखतच नाही. बाळ, लेकरू, पिल्लू, कोकरू, पाडस, वासरू. ही सगळी नावं 'ते' आहेत, लक्षात आलं का? तो नाही, ती नाही, 'ते'. 'दमलं गं माझं बाळ!' मायेनं जवळ घेतलं की आपण त्या जिवाचा मुलगा-मुलगी हा हिशेबच क्षणभर बाजूला ठेवतो. कोकणात आणि गोव्याकडे तर लग्नाच्या वयाच्या मुलीलाही 'ते' म्हणतात. चेडू आलं, चेडू गेलं. आपल्या खेड्यांतूनही 'आमचं सुमन कालच आलं' असं आजी म्हणते, तेव्हा ते सुमन दोन मुलांची आई असतं!

आणि शिव्या? त्यांना विसरून कसं चालेल! 'मेल्या, जेवलास का?' या वाक्यात 'मेल्या' हा शब्द काय करतो ते परक्या माणसाला समजावून सांगून बघा. कार्ट्या, गधड्या, मुडद्या, भवानी, 'शहाणीच आहेस'. मालवणी मुलखात तर शिवी घालून बोलले नाहीत तर पाहुण्याला वाटेल, आपलं काही चुकलं की काय. यात एक जुनी भीतीही आहे. फार कौतुक केलं तर दृष्ट लागेल. म्हणून गोऱ्यापान नातीला 'काळुंद्री' म्हणायचं, गुबगुबीत नातवाला 'वाळलंय नुसतं' म्हणायचं. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथं पुढच्या मुलाला धोंडू, दगडू म्हणत. देवाला वाटावं, दगडच तर आहे, न्यायचा कशाला? अशी ती भाबडी फसवणूक.

पण इथं जरा थांबावं लागतं. धोंडू हे नाव मूल राहावं म्हणून ठेवलं जाई. आणि 'नकुशा'? लागोपाठ मुलीच झाल्या की शेवटच्या मुलीला 'नकोशी' म्हणत, म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल. सातारा जिल्ह्यात अशा मुली शोधून काढल्या, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात एक मोठा समारंभ करून २८५ मुलींना नवी नावं दिली. त्या दिवसाची छायाचित्रं मी वर्तमानपत्रात पाहिली होती. चांगले कपडे घालून, नव्या नावाचं प्रमाणपत्र हातात धरून उभ्या राहिलेल्या मुली. एका हाकेचं ओझं किती असतं, ते त्या मुलींना विचारावं. दिवसातून पन्नास वेळा 'ए नकुशे' ऐकायचं, 'ओ' द्यायची, आणि पाणी आणायला जायचं.

आपल्या शहरी घरांत असलं नाव नसेलही. पण जरा कान देऊन ऐका हं. मुलीचे फार लाड आले की आपण तिला काय म्हणतो? 'काय रे सोन्या', 'अरे बाळा', 'ये बेटा'. आता मुलाला लाडानं कुणी 'अगं सोनुले' म्हणतं का? म्हणून बघा, आजोबा पेपर खाली ठेवून बघतील. मुलीला चढवायचं तर मुलगा करायचं, 'ही आमचा मुलगाच आहे हो' म्हणायचं. मुलाला मुलगी केलं तर मात्र तो टिंगलीचा विषय. कोल्हापूरकडच्या मैत्रिणी यावर रागावतील. तिकडे बायका स्वतःबद्दलही 'मी आलो, मी जातो' असं सर्रास म्हणतात. पण ती त्यांची बोलीच आहे, त्यात लाडही नाहीत नि बंडही नाही. मी बोलतेय ती आपल्या लाडांची गोष्ट. माझ्या मुलीनं दहाव्या वर्षी मला विचारलं होतं, "तू खूश असलीस की मला 'रे' का म्हणतेस?" मला उत्तर आलं नाही. त्या दिवसापासून मी जपून 'गं' म्हणायला लागले, पण अजूनही जीभ घसरते.

आता वळूया त्या 'अहो'कडे. माझ्या आजोबांचं नाव विठ्ठल. आजीनं जन्मात ते उच्चारलं नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, ही त्या काळची पक्की समजूत. दवाखान्यात केसपेपर काढताना बाबूनं नाव विचारलं की ती मला पुढं ढकलायची. मी बरोबर नसले तर म्हणायची, "पंढरपूरचा देव, तेच." बरं, देवाचं नाव तरी घेईल? तेही नाही. जन्मभर ती 'पांडुरंग, पांडुरंग' म्हणत राहिली. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात. मंगळागौरीला, डोहाळजेवणाला, बारशाला. चार ओळींच्या कुंपणात उभं राहून एकदाच काय ते म्हणून घ्यायचं, आणि लगेच इश्श करून पदर तोंडाला लावायचा.

त्या काळच्या शिकलेल्या बायकांनी यातून कशा वाटा काढल्या ते पाहण्यासारखं आहे. रमाबाई रानड्यांनी 'आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी' हे पुस्तक लिहिलं, ते १९१० साली निघालं. त्यात न्यायमूर्तींचा उल्लेख त्या 'स्वतः' असा करतात. इंग्रजी भाषांतर १९३८ साली झालं तेव्हा त्याचं नावच 'हिमसेल्फ' असं ठेवलं. रमाबाईंची आत्मकथा, आणि वर नाव त्यांचं! लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त सरळ आडनावच धरलं. टिळक असं म्हणाले, टिळक तसे रागावले. पण त्या कोरड्या आडनावात इतकी माया, इतका वैताग आणि इतकं हसू भरलंय, की कुठल्या लाडक्या संबोधनात ते मावलं नसतं. आणि या दोघींच्या कितीतरी आधी, १८५६ साली, सावित्रीबाई फुले आजारी होऊन माहेरी नायगावला होत्या तेव्हा त्यांनी नवऱ्याला पत्र लिहिलं. त्याच्या मायन्यातच जोतीबांचं नाव आहे. शिरसाष्टांग नमस्कारही आहे, आणि नावही आहे. म्हणजे मान द्यायचा तर नाव गिळायलाच हवं असं काही नाही.

तेव्हा 'अहो' म्हणणारी ती दबलेली आणि 'अरे' म्हणणारी ती बरोबरीची, हा हिशेब मला फार सोपा वाटतो. माझ्या ओळखीत एक जोडपं आहे. ती 'अरे' म्हणते, तो 'अगं' म्हणतो, सगळं कसं बरोबरीचं. पण घराचे कागद काय आहेत, पैसे कुठं ठेवलेत, तिला काही ठाऊक नाही. आणि शेजारच्या आजी ऐंशीच्या घरातल्या. 'अहो, जरा गप्प बसता का?' असं म्हणतात तेव्हा आजोबा खरोखर गप्प बसतात! शिवाय आपल्याकडे एकेरी म्हणजे कमी असंही कुठं आहे? बाबांना आपण 'तुम्ही' म्हणत आलो, आईला 'तू'. देवालाही 'तू'. जनाबाईनं तर विठोबाला चक्क एकेरीवर आणला. जिथं लपवण्यासारखं काही नाही तिथं 'तू' येतो. वारीत तर ही सगळी भानगडच मिटते. म्हातारी असो, पोलीस असो, चहाच्या टपरीवरचं पोरगं असो, सगळे एकमेकांना 'माउली'. मिशीवाला धिप्पाड हवालदार 'माउली, बाजूनं चला' असं म्हणतो, ते मी स्वतः ऐकलंय. पुरुषाला आई म्हटलं नि कुणाला हसू आलं नाही, असं दुसरीकडे कुठं पाहायला मिळेल?

सासरच्या हाकांचं मात्र वेगळं आहे. जावई आला की तो 'जावईबापू' होतो, कुठं 'राव' तर कुठं 'पंत'. सून आली की सूनबाई. बरं, सूनबाईनं आठ वर्षांच्या दिरालाही 'भावोजी' म्हणायचं, आणि दोन वेण्या घालून शाळेत जाणाऱ्या नणंदेला 'वन्सं, जेवायला चला'! आता हे पुष्कळ घरांतून गेलंय, आणि बरं झालं गेलं. पण एक गोष्ट आपण हसत हसत सोडून दिली, तिच्याकडे मी मुद्दाम तुमचं लक्ष वेधते आहे. ती म्हणजे नाव बदलणं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. यमुनेची आनंदी झाली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पुढं तीच डॉक्टर आनंदीबाई जोशी. मनूची लक्ष्मी झाली, त्या लक्ष्मीबाई टिळक. 'श्यामची आई' आपण सगळ्यांनी वाचलंय. त्या आईला माहेरी 'आवडी' म्हणत असत, हे किती जणींच्या लक्षात आहे? लहानपणी वाचलं तेव्हा माझ्या नव्हतं राहिलं. आईला आईखेरीज दुसरं नाव असतं, हे त्या वयात कुठं सुचतं?

माझ्या आईचं तसंच झालं. माहेरची ती कुसुम. १९६८ साली लग्न झालं आणि ती वसुधा झाली. रेशनकार्डावर वसुधा, बँकेत वसुधा. पण वसुधा तरी तिला कोण म्हणालं? सासूबाईंची ती 'सूनबाई', दिरांची 'वहिनी', आमची 'आई', शेजारणींची 'काकू', नातवंडांची 'आजी'. बाबांची 'अगं'. बाबा तिला कधी वाईट बोलले नाहीत. उलट तिच्या हातची भाकरी आणि तिचा शब्द, दोन्हींवाचून त्यांचं पान हलत नसे. पण हाक एकच, 'अगं'. कुसुम हे नाव फक्त माझ्या मोठ्या मामाकडे राहिलं होतं. तो दारात आला की पिशवी खाली ठेवायच्या आधी ओरडायचा, "ए कुशे, पाणी आण!" आणि आई, साठी उलटलेली आई, अशी धावायची की आम्हाला तिच्या गुडघेदुखीचाच संशय यायचा.

तीन वर्षांपूर्वी मामा गेला. आई रडली, पण फार नाही. तेराव्याचं जेवण आटोपलं, पाहुणे गेले, आम्ही दोघी ताटं पुसत होतो. ती एकदम म्हणाली, "संपलं बघ. आता मला कुशी म्हणणारं कोणी नाही." आणि तिनं पुढचं ताट घेतलं.

त्या वाक्यानं मला कितीतरी दिवस झोप लागू दिली नाही. माणूस जातं तेव्हा त्याच्याबरोबर आपलंही एक नाव जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून सांगते, घरात सून येणार असेल तर तिला आधी एवढंच विचारा, 'तुला माहेरी काय म्हणतात? आम्ही तेच म्हणू का?' ती नाही म्हणेल कदाचित. माहेरची हाक माहेरीच राहावी असंही एखादीला वाटतं, आणि तिचं बरोबर आहे. पण विचारा. नाव बदलायचं की नाही हे तिचं तिला ठरवू द्या. बदललंच पाहिजे असा कायदा कुठंही नाही, तो फक्त रिवाज आहे. कामाला येणाऱ्या मावशींचंही तेच. 'मावशी' म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, नातं जोडल्यासारखं वाटतं. पण मावशीचं नाव काय ते ठाऊक असतं का? 'बाई' या शब्दाचं आपण काय करून ठेवलं ते बघा ना. झाशीच्या राणीच्या नावापुढं लागणारा, शाळेतल्या मास्तरणींना मानानं म्हटला जाणारा शब्द, आणि आता 'आमची बाई आज आली नाही' म्हटलं की भांडी घासायची कुणी एवढाच अर्थ उरला. आमच्याकडे सहा वर्षं काम केलेल्या मावशींचं नाव मला त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरून कळलं. सांगायला लाज वाटते, पण सांगते. आता मी त्यांना नावापुढं 'ताई' लावून हाक मारते. पहिल्या दिवशी त्यांनी 'ओ'च दिली नाही. त्यांना वाटलं, मी दुसऱ्याच कुणाशी बोलतेय.

मामाच्या तेराव्याची ती गोष्ट मी बाबांना सांगितली नव्हती. पण त्यांनी ती ऐकली असावी, कारण ते शेजारच्याच खोलीत आडवे झाले होते. पुढं महिना-दोन महिन्यांनी मी माहेरी गेले, तेव्हा गॅलरीत त्यांनी मला बाजूला घेतलं. इकडंतिकडं बघून हळूच विचारलं, "तिला तो काय म्हणायचा गं? कुशी की कुसे?" मी म्हटलं, "कुशी. हाक मारताना कुशे." त्यांनी मान डोलावली. जरा वेळानं म्हणाले, "ते मला जमायचं नाही. भावानं म्हणायचं ते." मी काहीच बोलले नाही.

संध्याकाळी मी आत भाजी निवडत होते. आई ओट्याशी होती. बाहेरून बाबांनी घसा खाकरला, मग पुन्हा खाकरला, आणि हाक आली, "कुसुम!"

आईच्या हातातला चमचा तसाच राहिला. ती पदराला हात पुसत लगबगीनं बाहेर गेली, दाराकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "माहेरचं कोण आलंय?"

"कोणी नाही. मीच," बाबा म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उगाच हाका मारू नका. गॅसवर दूध आहे." आणि आत आली. दूध उतू गेलं होतंच. तिनं गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि पुसता पुसता मला विचारलं, "तू सांगितलंस का गं त्यांना?"